फुटबॉलचा धंदा आणि खेळाडूचें मन

पैसे घेऊन खेळणारा मनुष्य जीव ओतून खेळतो काय, हा प्रश्न फुटबॉलच्या मैदानाभोंवतीं फार जुना आहे. संघ हरला कीं प्रेक्षक म्हणतात, "ह्यांना पैसा फार मिळतो, म्हणून हे सुस्तावले", आणि तोच संघ पुढच्या आठवड्यांत जिंकला कीं, "पैसा मिळतो, मग खेळतील नाहीं तर काय!" एकाच कारणाला दोन उलट कार्यें चिकटविण्याची ही सोय प्रेक्षकांना परवडते, खेळाडूला परवडत नाहीं.

गोंदिया जिल्ह्याची ख्याति तळीं, भात आणि बिडी ह्यांविषयीं आहे, फुटबॉलविषयीं नाहीं. परंतु कामाचा मोबदला देण्याच्या तीन निरनिराळ्या रीती तेथें एकाच गांवांत शेजारीं शेजारीं पाहावयास सांपडतात. बिडी वळणाऱ्या बाईला हजारामागें मजुरी मिळते. रेल्वेंतल्या नोकराला महिन्याकांठीं पगार मिळतो. तेंदूपानाच्या ठेकेदाराचा व्यवहार हंगामापुरता असतो. हंगाम साधला तर वर्ष साधलें. फुटबॉलपटूच्या मिळकतीचा इतिहास ह्या तीन रीतींच्या आधारें चांगला उलगडतो.

प्रथम बिडीचा हिशेब मैदानावर लावून पाहावा. दर गोलामागें ठराविक रक्कम, असें ठरविलें तर काय होईल? आघाडीच्या खेळाडूला मोकळा सोबती दिसत असूनहि तो चेंडू त्याला न देतां स्वतःच मारील. बचाव करणाऱ्याचें उत्तम काम म्हणजे जो गोल झालाच नाहीं तो. त्याची मोजदाद कोण करणार? हजार बिड्या मोजतां येतात, कारण प्रत्येक बिडी एका हातची असते. गोल हा अकरा जणांचा असतो, आणि शेवटचा पाय लावणारा पुष्कळदा त्यांतला सर्वांत कमी दमलेला असतो!

शिवाय मनाची एक निराळीच खोड आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी ह्यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ठोकळ्यांचीं कोडीं सोडविण्यास दिलीं. कांहींना प्रत्येक कोड्यामागें पैसे दिले, कांहींना दिले नाहींत. मग मोकळ्या वेळांत पाहिलें, तों पैसे घेतलेल्यांचा कोड्यांतला रस उतरणीला लागलेला आढळला. शाबासकी दिली असतां मात्र रस वाढला. पुढील संशोधनानें ह्यांत एक बारीक भेद दाखविला : मोबदला म्हणजे आपल्या गळ्यांतली दोरी आहे असें वाटलें तर आवड सुकते, तोच आपल्या गुणाची कदर म्हणून आला तर ती सुकत नाहीं. म्हणजे रकमेइतकीच, किंबहुना अधिक, ती देण्याची तऱ्हा महत्त्वाची ठरते.

दुसरी रीत रेल्वेची. गोंदियाचें जंक्शन ज्या बेंगाल-नागपूर रेल्वेनें उभारलें तिचा कलकत्त्यांत फुटबॉल संघ होता. सरकारनें ही रेल्वे १९४४ सालीं ताब्यांत घेतली. १९५५ पासून तिचा मोठा भाग, गोंदियासह, दक्षिण-पूर्व रेल्वे झाला. संघाला मात्र लोक बी. एन. आर. ह्याच नांवानें ओळखत राहिले. तुलसीदास बलराम हा भारताचा अव्वल दर्जाचा आघाडीचा खेळाडू १९६३ सालीं ईस्ट बंगालसारखा लोकप्रिय संघ सोडून ह्याच रेल्वेच्या संघांत गेला. त्यानंतर थोड्याच काळांत छातीच्या आजारामुळें त्याला ऐन तारुण्यांत खेळ सोडावा लागला. नोकरीच्या ओढीनें मोठा संघ सोडणाऱ्यांना नांवें ठेवणारे तेव्हांहि होते. फुफ्फुस दगा देतें त्या दिवशीं टाळ्या घरीं येत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत येत नसावें. पी. के. बॅनर्जी आपल्या कारकीर्दीचा बहुतेक काळ ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळले, आणि १९५८ सालीं त्या संघानें कलकत्त्याची लीग जिंकून तेथील बड्या संघांना मागें टाकलें. चुनी गोस्वामी स्टेट बँकेच्या नोकरींत होते.

हे तिघेहि १९६२ सालीं जाकार्ता येथें सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होते. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत भारताचे दोन गोल झाले, एक बॅनर्जींचा व दुसरा जर्नैलसिंगचा. जर्नैल वस्तुतः बचावपटू. स्पर्धेंत डोक्याला जखम होऊन टांके पडले होते, म्हणून त्याला पुढें आघाडीला खेळविलें, आणि तेथें त्यानें डोक्यानेंच गोल केल्याचें सांगतात. ह्या कर्तबगारीचा दर कोणत्याहि करारांत लिहिलेला नव्हता. मात्र ह्यावरून, खेळाडूंना पैसा नको असतो, असा अर्थ काढणें चुकीचें होईल. नोकरीनें पोटाची काळजी मिटविली होती, म्हणूनच डोकें खेळांत राहूं शकलें.

महिन्याच्या पगाराचा दोषहि आहे. चांगला व मध्यम ह्यांना सारखेंच वेतन मिळालें, म्हणजे गुणाची कदर होत नाहीं. इंग्लंडांत व्यावसायिक खेळास १८८५ सालीं मान्यता मिळाली. तरी १९०१ पासून वेतनाला वरची मर्यादा होती, ती प्रथम आठवड्यास ४ पौंड व शेवटीं २० पौंड होती. जिमी हिलच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंनीं संपाची तयारी केली, तेव्हां १९६१ च्या जानेवारींत ती उठली, आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास १०० पौंड मिळूं लागले. वेतन पांचपट झालें. धांव पांचपट झाली असें कोणी म्हटलेलें नाहीं. हेन्स पूर्वीहि उत्तमच खेळत होता.

तिसरी रीत हंगामी कराराची, आणि येथें गोंदियाचें नांव पुन्हां येतें. गोंदियाचे श्री. प्रफुल्ल पटेल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष असतांना, १९१० नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१० च्या डिसेंबरांत, महासंघानें आय. एम. जी.-रिलायन्सशीं १५ वर्षांसाठीं ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यांतून २०१४ सालीं इंडियन सुपर लीग निघाली. २०१५ च्या लिलांवांत मुंबई सिटीनें सुनील छेत्रीसाठीं १ कोटी २० लक्ष रुपये मोजले. जुने कंपन्यांचे संघ मात्र ह्याच काळांत मिटत चालले होते : २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० सालीं, तर पंजाबचा जे. सी. टी. २०११ सालीं बंद झाला. खेळाडूची मिळकत वाढली, आणि ती हंगामावर आली.

तेंदूपानाच्या ठेकेदारास अवकाळी पावसाचें भय असतें. खेळाडूस तें कराराच्या मुदतीचें निघालें. १५ वर्षें भरत आलीं, नवा करार झाला नाहीं, आणि २०२५ च्या जुलैंत पुढील हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्यें बंगळूर एफ. सी. नें मुख्य संघांतील खेळाडूंचें व कर्मचाऱ्यांचें वेतन बेमुदत थांबविल्याचें जाहीर केलें. नोव्हेंबरमध्यें लीगच्या खेळाडूंनीं एकत्र निवेदन काढलें. त्या वेळीं वेतनाची मागणी कोणासहि रास्त वाटली असती. निवेदनाचा मुख्य भर मात्र आम्हांला खेळूं द्या, ह्यावर होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग ह्यांनीं १९५९ सालींच म्हटलें होतें कीं, पगार पुरेसा असल्यानें कामाचा उत्साह उपजत नाहीं, परंतु तो अपुरा वा अनिश्चित असल्यानें असमाधान हटकून उपजतें. खेळाडूंच्या त्या हंगामांत दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या.

आंखूड केलेला हंगाम अखेर २०२६ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतील एकाद्या मुलाच्या पायांत चेंडू चांगला बसला असेल, तर त्याच्या घरीं मात्र अजून जुनाच हिशेब मांडला जाईल : लिलांवांतला कोटीचा आंकडा एकीकडे, आणि रेल्वेंत खेळाडूंसाठीं राखून ठेवलेल्या जागांची जाहिरात दुसरीकडे. बाप बहुधा जाहिरात कापून ठेवील, आणि मुलगा संध्याकाळीं मैदानावर जाईल.