खाऱ्या पाण्यातला नवा मासा: विलगीकरण का आणि कसे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी आणलेला मासा मुख्य टँकमध्ये सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणे, त्याचे निरीक्षण करणे आणि गरज पडल्यास तिथेच उपचार करणे, याला विलगीकरण म्हणतात. हौशी मासेपालकांमध्ये त्याबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे विलगीकरणाशिवाय एकही मासा मुख्य टँकमध्ये जाऊ नये. दुसऱ्या मताप्रमाणे लहान, मोकळ्या टँकमधला कोंडमाराच माशाला आजारी पाडतो. त्यापेक्षा चांगले पाणी आणि सकस खाणे दिले की मासा रोगाला तोंड देतो. या वादाचा निकाल आवडीनिवडीवर लागत नाही. रोग कसा येतो, कसा वाढतो आणि त्याला कुठे गाठता येते, हे समजले की उत्तर बऱ्याच अंशी आपोआप मिळते.

रोग कुठून येतो

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे तळ्यांत आणि हॅचरींत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक जाती मात्र आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणल्या जातात. इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हे त्यांचे मोठे पुरवठादार देश आहेत. पकडलेला मासा मच्छीमाराकडून निर्यातदाराकडे, तिथून आयातदाराकडे आणि शेवटी दुकानात पोहोचतो. प्रत्येक मुक्कामी वेगवेगळ्या समुद्रांतले मासे एका पाण्यात येतात, आणि अनेक ठिकाणी सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असते. प्रवासात मासा उपाशी असतो, पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचतो, अंगावरच्या बुळबुळीत संरक्षक थराला इजा होते. प्रतिकारशक्ती सर्वांत कमी असते तेव्हाच त्याचा परजीवींशी सर्वाधिक संबंध येतो.

उघड्या समुद्रात परजीवीच्या पिल्लांना मासा सापडणे दुरापास्त असते. अफाट पाण्यात त्यांतली बहुतेक मरून जातात आणि माशाच्या अंगावर परजीवी असले तरी थोडेच राहतात. टँकमध्ये मासा पळून जाऊ शकत नाही. प्रत्येक नव्या पिढीला तोच मासा हाताशी मिळतो. म्हणून समुद्रात किरकोळ असलेला संसर्ग काचेच्या चार भिंतींत जीवघेणा ठरतो.

पांढऱ्या ठिपक्यांचे चक्र

खाऱ्या पाण्यातला सर्वांत परिचित रोग म्हणजे पांढरे ठिपके, ज्याला मासेपालक मरीन इच म्हणतात. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा जीव १९३० च्या दशकात जपानमध्ये सिकामा यांनी पाहिला आणि १९५१ मध्ये ब्राऊन यांनी त्याला आजचे नाव दिले. त्याचे जीवनचक्र चार टप्प्यांचे आहे आणि विलगीकरणाचे सगळे शास्त्र या चार टप्प्यांत आहे.

पहिल्या टप्प्यात परजीवी माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून पोसला जातो. दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. साधारण ३ ते ७ दिवसांत तो मासा सोडतो आणि काही तास तळावर सरपटत फिरतो. मग वाळूवर, दगडावर किंवा काचेवर चिकटून तो स्वतःभोवती टणक कोश बनवतो. कोशात त्याचे विभाजन होत राहते आणि एका कोशातून दोनशेपर्यंत नवे जीव तयार होतात. कोश बहुधा ३ ते २८ दिवसांत फुटतो. काही कोश ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, असे समजता येत नाही. परजीवी फक्त तळाशी जाऊन वाढत असतो आणि पुढची लाट पहिल्यापेक्षा मोठी असते. शिवाय औषधे माशाच्या कातडीखालच्या परजीवीपर्यंत किंवा कोशाच्या आतपर्यंत नीट पोहोचत नाहीत. परजीवी हाती लागतो तो फक्त पोहण्याच्या छोट्या टप्प्यात. म्हणून उपचार चार दिवसांचा नसतो, कित्येक आठवड्यांचा असतो.

इतर रोग आणखी घाईचे आहेत. अमायलूडिनियम ओसेलॅटम या जीवामुळे होणारा मखमली रोग आधी कल्ल्यांवर हल्ला करतो. मासा धापा टाकतो, पाण्याच्या झोताकडे तोंड करून राहतो आणि अंगावर सोनेरी धूळ दिसण्याआधीच अनेकदा दगावतो. ब्रुकलिनेला हा परजीवी क्लाउनफिशवर विशेषकरून आढळतो. त्यात अंगावरून बुळबुळीत पापुद्रे सुटतात. निओबेनेडेनियासारखे चपटे कृमी कातडीवर आणि डोळ्यांवर चिकटतात. ते जवळजवळ पारदर्शक असल्याने सहज दिसत नाहीत.

मुख्य टँकमध्ये इलाज का होत नाही

पांढरे ठिपके आणि मखमली रोग यांवर सर्वांत जुने आणि भरवशाचे औषध म्हणजे तांबे. पण माशाला सोसणारी मात्रा प्रवाळ, कोळंबी, खेकडे, शंख आणि तारामासे यांना मारते. भर म्हणजे चुनखडीचे दगड आणि वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातली मात्रा स्थिर राहत नाही. पाण्याचा खारेपणा खूप कमी करण्याचा उपाय माशांना चालतो, पण तोही प्रवाळांना आणि इतर अपृष्ठवंशी जीवांना सोसत नाही.

राहतो एकच मार्ग: सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावर वेगळ्या टँकमध्ये उपचार करायचे आणि मुख्य टँक सुमारे ७२ ते ७६ दिवस माशांविना ठेवायचा, म्हणजे शेवटचा कोश फुटून पिल्ले उपाशी मरतील. दगडांच्या कपारींतून दहा-बारा मासे पकडायचे तर बऱ्याचदा सगळी मांडणी उसकटावी लागते. एका नव्या माशाचे चार आठवडे वाचवण्याच्या नादात सर्व जुन्या माशांचे अडीच महिने पणाला लागतात. विलगीकरणाच्या बाजूचा सर्वांत ठोस मुद्दा हाच आहे.

आक्षेप आणि त्यांची तपासणी

हे परजीवी प्रत्येक टँकमध्ये असतातच, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. क्रिप्टोकॅरिऑन माशाविना जगत नाही आणि आपोआप निर्माण होत नाही. आत आणला नाही तर तो नसतो.

चांगल्या खाण्याने मासा तगून जातो, हे मात्र अंशतः खरे आहे. संसर्गातून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती दिसते. पण असा मासा निरोगी दिसत असूनही थोडे परजीवी वागवू शकतो. पुढचा नवा मासा आला, हीटर बिघडला किंवा भांडण झाले की रोग उफाळतो. अतिनील दिवा पोहणाऱ्या पिल्लांची संख्या घटवतो, पण जी पिल्ले दिव्यापर्यंत पोहोचण्याआधी माशाला गाठतात ती सुटतात. सफाई करणारे मासे आणि कोळंबी कातडीच्या आत दडलेल्या परजीवीचा नायनाट करत नाहीत. लसणाने माशाची भूक वाढू शकते; तो रोगावरचा इलाज नव्हे.

विलगीकरणाचा ताण हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. तयारी न करता उभारलेल्या टँकमध्ये अमोनिया चढतो, मासा लपायला जागा शोधत राहतो आणि रोगाऐवजी उपचारानेच मरतो. पण हा दोष वाईट विलगीकरणाचा आहे. नीट तयार केलेल्या शांत टँकमध्ये नव्या माशाला जुन्या माशांची दादागिरी सोसावी लागत नाही. त्याचे खाणे नजरेसमोर होते आणि मुख्य टँकमध्ये जाण्याआधी तो अंगाने भरतो.

टँकची तयारी

लहान माशांना ५० ते ८० लिटरचा टँक बहुधा पुरतो. सर्जनफिश किंवा एंजलफिशसारख्या मोठ्या, सतत पोहणाऱ्या माशांना याहून मोठा लागतो. तळाशी वाळू नको, दगड नकोत. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि कोपरे ठेवावेत. ते धुता येतात आणि औषध शोषत नाहीत. हीटर, हवेचा पंप, झाकण आणि स्पंज फिल्टर एवढी सामग्री पुरेशी असते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. उन्हाळी हवामानात आणि जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा.

स्पंज मासा येण्याच्या काही आठवडे आधी मुख्य टँकच्या फिल्टरमध्ये ठेवला की त्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात. हा स्पंज विलगीकरणाचा कणा आहे. एकदा औषध पडलेल्या टँकमधला स्पंज मात्र मुख्य टँकमध्ये परत जाता कामा नये. अमोनियाची चाचणी पहिल्या दोन आठवड्यांत रोज करावी आणि तो दिसला तर पाणी बदलावे. जाळी, बादली, नळी वेगळी ठेवावी. मखमली रोगाचे सूक्ष्म जीव तुषारांबरोबर हवेतूनही जाऊ शकतात असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून दोन्ही टँक शेजारी शेजारी नसावेत.

फक्त निरीक्षण की आधीच औषध

पहिल्या पद्धतीत मासा किमान ४ आठवडे औषधाविना पाहिला जातो. तो खातो का, श्वास जलद आहे का, पर मिटलेले आहेत का, अंग कुठे घासतो का, हे रोज बघायचे. फायदा असा की निरोगी माशाला विनाकारण औषध मिळत नाही. तोटा असा की कल्ल्यांतला सौम्य संसर्ग नजरेतून सुटू शकतो.

दुसऱ्या पद्धतीत लक्षणे नसतानाही उपचार होतो. साध्या कॉपर सल्फेटसाठी पाण्यातल्या मुक्त तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. संयुगबद्ध तांब्याच्या तयार औषधांची मात्रा याहून कितीतरी जास्त असते आणि ती वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणेच ठरवावी. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावी, चाचणी संचाने रोज मोजावी आणि सुमारे महिनाभर स्थिर ठेवावी. ती कमी पडली तर परजीवी वाचतो, वाढली तर मासा मरतो. अमोनिया निष्प्रभ करणारी काही द्रव्ये संयुगबद्ध तांब्याबरोबर धोकादायक ठरतात. शार्क, पाकट आणि वाम यांना तांबे सोसत नाही.

तांब्याविना पांढरे ठिपके संपवण्याचे दोन मार्ग आहेत. एकात मासा दर ३ दिवसांनी वाळवून निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवतात. असे चार वेळा केले की साधारण १२ दिवसांत परजीवी मागे राहतो आणि कोश फुटायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. दुसऱ्यात समुद्राच्या पाण्यातले लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार १५ ग्रॅमच्या खाली आणून काही आठवडे तसेच ठेवतात. या दोन्हींपैकी एकही मखमली रोगावर भरवशाचा नाही, हे विसरू नये. चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल वापरतात. त्यांच्या अंड्यांवर ते परिणाम करत नाही, म्हणून साधारण आठवड्याभराने, अंडी फुटल्यावर, दुसरी मात्रा द्यावी लागते.

नवशिक्याने निरीक्षणाची पद्धत घ्यावी आणि तांब्याचा चाचणी संच व औषध आधीच घरी आणून ठेवावे. मासा ज्या दुकानातून आला तिथल्या टाक्यांत रोग दिसला असेल, किंवा सर्जनफिशसारखी सहज रोग धरणारी जात असेल, तर आधीच उपचार करणे रास्त आहे.

अपवाद आणि पूरक काळजी

मँडरिन माशासारख्या काही जाती दगडांवरचे बारीक जीव टिपून जगतात आणि मोकळ्या टँकमध्ये उपाशी मरतात. त्यांच्यासाठी जिवंत खाद्याची सोय आधी करावी, नाहीतर मासा आणूच नये. शंख, कोळंबी यांना हे माशांचे रोग होत नाहीत, पण शंखाच्या कवचावर कोश चिकटून येऊ शकतो. म्हणून त्यांनाही मासे नसलेल्या टँकमध्ये कोश संपण्याइतका काळ ठेवणे योग्य. भारतात दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पाळण्याचा प्रश्नच येत नाही.

हॅचरीत जन्मलेला मासा निवडला तर जोखीम मुळातच घटते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईत ऐरोली येथेही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. अशा माशामुळे समुद्रावरचा भारही हलका होतो. मात्र तो दुकानात इतर माशांच्या पाण्यात राहिला असेल तर त्याचेही विलगीकरण करावे.

मुदत संपली, मासा नियमित खातो आहे आणि शेवटचे दोन आठवडे कोणतेही लक्षण दिसले नाही, की दोन्ही टँकचे तापमान आणि खारेपणा जुळवून तो हलवावा. विलगीकरणाचे पाणी मुख्य टँकमध्ये ओतू नये. रिकामा टँक, पाइप आणि जाळी ब्लीचच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावीत. विलगीकरण चालू असताना दुसरा मासा त्याच टँकमध्ये आणला तर दोघांचीही मुदत पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजावी.