प्रकाशन-सूची कशी वाचावी? डॉ. कमल रणदिवे यांचे कर्करोग-संशोधन

डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांच्याविषयीच्या बहुतेक नोंदींत एक वाक्य हमखास आढळते: कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे २०० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. आकडा मोठा आहे, पण विद्यार्थ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. रक्ताचा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया, स्तनाचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग आणि वर कुष्ठरोग. इतके वेगळे विषय एकाच सूचीत कसे आले? उत्तर हवे असेल तर कामाचा क्रम पाहावा लागतो.

सुरुवात वनस्पतींपासून होते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी एम.एस्सी.साठी (१९४३) सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. पुढे मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय असा: स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांतील निरोगी स्तनग्रंथींची तुलना. यातील ‘निरोगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गाठ झाल्यावर काय दिसते, याकडे अनेकांचे लक्ष होते. गाठ होण्याआधी या वाणांत काय फरक असतो, हा प्रश्न अधिक अवघड होता. एकाला रोग होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, हेच त्यात विचारलेले आहे.

असा प्रश्न माणसांवर प्रयोग करून सोडवता येत नाही. उंदरांत मात्र भाऊ-बहिणींचा संकर सलग २० पिढ्या केला की त्या वाणातले सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखे होतात. तरीही सगळा दोष जनुकांवर टाकता येत नाही. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते की, कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली तर त्यांच्यातील गाठींचे प्रमाण घटते. म्हणजे दुधातून काहीतरी जात होते. तो विषाणू निघाला. ल्युकेमियाच्या बाबतीत लुडविक ग्रॉस यांनी १९५१ मध्ये रोगी उंदरांचा पेशीविरहित अर्क नवजात पिल्लांना टोचून रोग निर्माण करून दाखवला. रणदिवे यांनी संप्रेरके आणि अर्बुद-विषाणू यांच्या परस्परक्रियेचा रोगप्रवणतेशी संबंध जोडला. त्यांच्या कामातला हा भाग मला सर्वात भक्कम वाटतो.

दरम्यान त्यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. १९५१ मध्ये प्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. या केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव दोन ठिकाणी आढळते. एक, उंदरांचा वाण. त्यातील काही उंदरांची अन्ननलिका जन्मतःच फुगलेली असते आणि अन्न तिथे साचून राहते, म्हणून अन्ननलिकेच्या विकारांच्या अभ्यासाला तो सोयीचा. दुसरे, कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून संवर्धित केलेले जिवाणू, ज्यांच्यापासून पुढे लस तयार झाली. सूचीतला कुष्ठरोग असा, पेशी आणि ऊती वाढवण्याच्या कौशल्याच्या वाटेने आला.

सूची वाचताना लेखकांचा क्रमही पाहावा. प्रयोगशाळेतील निबंधांत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे, शेवटचे प्रमुखाचे असते. त्यामुळे २०० निबंध म्हणजे एका व्यक्तीने एकटीने केलेली २०० कामे असा अर्थ होत नाही. आणि उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही.

माणसांबाबत तोच प्रश्न विचारण्याचे काम कर्करोग-नोंदणी करते. मुंबईत ती १९६३ मध्ये सुरू झाली. बेंगळुरूच्या किडवाई संस्थेची लोकसंख्याधारित नोंदणी १९८२ पासूनची. जठराचा कर्करोग मुंबईपेक्षा बेंगळुरूत अधिक आढळतो, हे अशा नोंदींतूनच कळले. त्यामागे आहार किती, जठरातला हेलिकोबॅक्टर जिवाणू किती आणि अनुवंश किती, हे नुसत्या नोंदींतून वेगळे करता येत नाही. त्यासाठी पुन्हा प्रयोगशाळेकडे वळावे लागते.