रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर

“रिकामं पिस्तूल चालवू नकोस, पिन तुटेल.” नेमबाजी शिकायला आलेल्या मुलांचे पालक, परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारे गृहस्थ, निवृत्त हवालदार, सगळ्यांकडून ही ताकीद ऐकायला मिळते. दुसऱ्या टोकाला इंटरनेटवर शिकलेली तरुण मंडळी असतात. त्यांचं म्हणणं, आताच्या पिस्तुलांना काहीही होत नाही, बिनधास्त दाबा. दोन्ही बाजूंचं थोडं खरं आहे आणि दोन्हींची चूक एकाच जागी आहे: पिन कुठे आदळते, हे कोणी पाहत नाही.

आपल्याकडे अनेकांनी पहिली गोळी एनसीसीत किंवा क्लबात .22 रायफलने झाडलेली असते. .22चं काडतूस रिमफायर असतं. म्हणजे ठिणगी पाडणारी दारू काडतुसाच्या बुडाच्या कडेत, आतल्या बाजूला भरलेली असते आणि पिन त्या कडेवर मारते. चेंबर रिकामं असेल तर कडेच्या जागी काहीच नसतं आणि काही हत्यारांत पिन थेट चेंबरच्या ओठावर बसते. पोलादावर पोलाद. जुन्या क्लब रायफलचा बोल्ट काढून टॉर्चच्या उजेडात चेंबरचं तोंड पाहा. काहींत काठावर नखाला लागेल अशी बारीक खाच दिसते. खाचेशेजारी धातू आत ढकलला गेला की काडतूस नीट बसत नाही, पुंगळी अडकते. म्हणजे ती ताकीद अनुभवातूनच आली होती. पुढे मात्र ती सरसकट सगळ्या हत्यारांना लागू झाली.

9 मिमी पिस्तूल किंवा .32 रिव्हॉल्व्हर यांची गोष्ट निराळी. ती सेंटरफायर आहेत, म्हणजे प्राइमर बुडाच्या मधोमध असतो. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबला की पिन ब्रीचच्या भोकातून पुढे येते आणि तिच्यासमोर मोकळी जागा असते. तिला थांबवायचं काम तिचा स्वतःचा खांदा, स्प्रिंग किंवा एखादी आडवी खीळ करते. हे भाग आता चांगल्या पोलादाचे असतात आणि असा मार गृहीत धरूनच बनवलेले असतात. ग्लॉकचं उदाहरण घ्या. सफाईसाठी तिची स्लाइड उतरवायची तर आधी चेंबर रिकामं करून ट्रिगर दाबावाच लागतो. कंपनीनेच ठरवून दिलेल्या कृतीने पिस्तूल मोडेल, हे संभवत नाही. स्मिथ अँड वेसननेही आपल्या सेंटरफायर हँडगनना कोरड्या फायरिंगची, म्हणजे रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबण्याची, मुभा दिली आहे आणि .22 रिमफायर मॉडेलना मनाई केली आहे.

मग आधुनिक सेंटरफायर पिस्तूल म्हणजे पूर्ण निर्धास्त? इथे मी जरा हात आखडता घेईन. ‘आधुनिक’ म्हणजे नेमकं कधीचं? सीझेड 75ची रचना 1975ची आहे आणि ते पिस्तूल आजही बनतं. त्यात फायरिंग पिनला अडवणारी एक छोटी आडवी खीळ असते. रिकाम्या चेंबरवर वारंवार चालवलं तर प्रत्येक मार त्या खिळीवर बसतो आणि ती वाकते किंवा तुटते. स्नॅप कॅप, म्हणजे मागच्या बाजूला मऊ किंवा स्प्रिंगवर बसवलेला भाग असलेलं खोटं काडतूस, चेंबरमध्ये असेल तर हा प्रश्न जवळपास मिटतो. जुन्या सीझेड 52ची पिन तर ठिसूळपणासाठी बदनामच आहे. उलट बाजूने रुगरची मार्क मालिका पाहा. ती आहे .22 रिमफायर, पण पिन चेंबरच्या कडेला लागू नये म्हणून तिच्यात अडसराची एक छोटी खीळ बसवलेली असते. ती जागेवर असेल तर कोरडं फायरिंग चालतं. सफाईनंतर ती बसवायची राहिली, तर नाही. म्हणून पिस्तुलाच्या वयापेक्षा किंवा किमतीपेक्षा त्याची माहितीपुस्तिका जास्त खात्रीचं उत्तर देते.

.22साठी अनेकजण वापरलेली पुंगळीच चेंबरमध्ये ठेवतात. ते चालतं, पण पिनने आधी चेपलेली जागाच पुन्हा पिनसमोर आली तर पुंगळीचा उपयोग संपला. दर वेळी ती थोडी फिरवावी आणि काही मारांनंतर टाकून द्यावी. विकत मिळणाऱ्या .22च्या काही डमी नुसतं भरणं-काढणं तपासण्यासाठी असतात, पिनचा मार सोसायला नसतात. वेष्टनावर ते लिहिलेलं असतं.

एअर पिस्तुलाला तर काहीच होणार नाही, असं समजणारेही खूप. स्प्रिंग-पिस्टनच्या एअरगनमध्ये छरा नसेल तर हवेचा दाब तयार होत नाही, पिस्टन उशीशिवाय पुढे जाऊन आदळतो आणि सील खराब होतं. स्पर्धेतली दाबलेल्या हवेची पिस्तुलं वेगळी. मोरिनी किंवा स्टायरच्या पिस्तुलात कोरड्या सरावाची खास सोय असते: हवा सुटत नाही, फक्त ट्रिगर सुटतो.

ही सोय उत्पादकांनी उगाच दिलेली नाही. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या निशाणावर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि ट्रिगरचा भार निदान 500 ग्रॅम लागतो. तो भार ओढताना पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाचं नेम धरायचं टोक, जराही हलता कामा नये. गोळी सुटली की धक्का आणि आवाज सगळं झाकून टाकतात. कोरड्या सरावात मात्र हॅमर पडल्या क्षणी माशी खाली दबली की उजवीकडे सरकली, हे लख्ख दिसतं. स्लाइडवर एक रिकामी पुंगळी उभी ठेवून ट्रिगर दाबून पाहा. ती पडली तर बोटाने ट्रिगर ओढला नाही, झटकला. नेमबाज राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 25 मीटर पिस्तूल प्रकारात, म्हणजे .22 रिमफायरवर. या प्रकारातल्या नेमबाजालाही कोरडा सराव टाळून चालत नाही, हत्यार सांभाळून तो करावा लागतो. काडतुसांचा खर्च परवडत नाही म्हणून सराव सोडणाऱ्या मुलांना हे कोणीतरी ठासून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक चूक कमी लोकांना ठाऊक असते. ट्रिगर दाबण्याला घाबरणारे लोक स्लाइड मागे ओढून रिकाम्या चेंबरवर धाडकन सोडतात. काडतूस वर सरकवताना स्लाइडचा वेग थोडा मोडतो. रिकाम्यात तिचा पूर्ण मार बसतो. 1911 धाटणीच्या हलक्या ट्रिगरच्या पिस्तुलांत त्याने सिअर (हॅमरला अडवून धरणारा भाग) आणि हॅमरच्या नाजूक कडा खराब होऊ शकतात. तिथे स्लाइड हाताने धरून पुढे न्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘कोरडं फायरिंग सुरक्षित आहे का’ असं विचारताना सगळे पिनची काळजी करतात, माणसाची कोणी करत नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर पाहायचं आणि बोट घालून चाचपायचं. हा क्रम उलटला तर चेंबर रिकामं करताच मॅगझिनमधली पुढची गोळी आत जाते, आणि माणूस मात्र रिकामं केलं या समजुतीत असतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत कोरडं फायरिंग रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने, फक्त फायरिंग लाइनवर किंवा नेमून दिलेल्या जागी करता येतं. घरी असा अधिकारी नसतो. म्हणून काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत आणि नेम धरायची भिंत विटांची, पलीकडे माणसांचा वावर नसलेली असावी. सराव संपल्यावर पिस्तूल पुन्हा भरायचं असेल तर ते दुसऱ्या जागी, थोडा वेळ जाऊ देऊन भरावं. भरल्यावर “आणखी एकदा” म्हणून ट्रिगरला बोट लावू नये.