एकाच मेंढीची लोकर आणि तिच्या प्रती

टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासाला आणि २००८ पासून बंगळुरूच्या विमानतळामुळे प्रवाशांना परिचित झालेल्या देवनहळ्ळीच्या मुलखात, नंदीदुर्गाकडे जाणाऱ्या वाटेलगतच्या कोरडवाहू रानांतून, कुरुबर मेंढपाळ जी मेंढरे राखतात, त्यांची लोकर एकजात राठ असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु एकाच मेंढीच्या अंगावर हात फिरवला, तरी त्या राठपणातही केवढी तफावत आहे याचा प्रत्यय येतो. खांद्यावरील तंतू त्यातल्या त्यात तलम, बरगड्यांवरील मध्यम, मांडीवरील सर्वांत जाडाभरडा आणि पोटाखालचा आखूड, कमकुवत व गोखरू-कुसळांनी भरलेला, असा हा उतार बहुतेक सर्व जातींत आढळतो.

याचे मूळ ऊनपावसात नसून गर्भावस्थेत आहे. मेंढीच्या सुमारे पाच महिन्यांच्या गर्भकाळात प्रथम प्राथमिक रोमकूप निर्माण होतात, ज्यांना स्वतंत्र स्वेदग्रंथी व स्नायू असतात आणि ज्यांतून जाड, पुष्कळदा आतून पोकळ, म्हणूनच रंग नीट न दाखवणारा तंतू उगवतो; मागाहून त्यांच्याभोवती दुय्यम कूपांची दाटी होते व तलम लोकर ती त्यांचीच. मेरिनो जातीत एका प्राथमिक कूपामागे वीसच्या आसपास दुय्यम कूप असतात, राठ जातींत जेमतेम तीन-चार. शिवाय कूपांची ही दाटी खांद्याकडून मांडीकडे विरळ होत जाते. म्हणूनच संशोधक संपूर्ण अंगाचा अंदाज घेण्यासाठी नमुना कातरतात तो कुशीवरच्या, मध्यम प्रतीच्या लोकरीचा.

१८३४ ते १८६१ या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेल्या मार्क कब्बन यांनी मेरिनो मेंढे आणवून देशी कळप सुधारण्याचा उद्योग केला. उद्देश स्तुत्य खरा. पण परदेशी मेंढा आणण्याआधी कातरलेली लोकर अंगाच्या भागांनुसार निराळी ठेवणे अधिक स्वस्त पडते, असे आमचे मत आहे. अडचण एवढीच, की दख्खनी मेंढी वर्षाकाठी फार तर अर्धा-पाऊण किलो लोकर देते आणि व्यापारी हिशेब करतो तो वजनावर, तलमपणावर नव्हे. शिवाय कंबळीला राठ तंतूचे वावडे नाही. पावसाचे पाणी अडवण्याचे काम तोच करतो. तथापि प्रतवारी ही कल्पना आपल्या मेंढपाळांना अगदीच परकी आहे असेही नव्हे: कोकराच्या पहिल्या कातरणीचे मऊ जावळ महाराष्ट्रातील धनगर आजही वेगळे काढतात, आणि त्याच्या घोंगडीला दरही चढा मिळतो.