विमानाला रंग लावताना

‘विमान अॅल्युमिनियमचं, त्याला कुठला गंज?’ हा पहिला गैरसमज. शुद्ध अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो, हे खरं. पण सेस्ना १७२सारख्या छोट्या विमानांच्या पत्र्यात २०२४ नावाचा मिश्रधातू असतो. त्याला ताकद देणारं सुमारे ४ टक्के तांबंच त्याला गंजाच्या बाबतीत हळवं करतं. म्हणून पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचं आवरण चढवलेलं असतं. पण रिव्हेटसाठी भोक पाडलं की कडेला मूळ धातू उघडा. जुहूसारख्या समुद्राला लागून असलेल्या धावपट्टीवर विमान ठेवणाऱ्याने तर हे विसरूच नये.

‘मग चांगला महाग रंग मारू’ असं मालक म्हणतो आणि रंगांचा तक्ता मागवतो. खरं तर धातूला घट्ट धरून गंज रोखण्याचं मुख्य काम खालच्या इपॉक्सी प्रायमरचं. तो मात्र उन्हात खडूसारखा भुकटतो. त्याच्यावर छत्री धरतो तो पॉलियुरेथेनचा चकचकीत थर. प्रायमरच्याही आधी धातूची सफाई येते. ती कच्ची राहिली, क्षार किंवा आम्ल मागे उरलं, की अखंड दिसणाऱ्या रंगाखाली अळीने पोखरल्यासारख्या गंजाच्या बारीक रेषा पसरतात. अशा फुगलेल्या रेषांवर रंगाचा नवा हात मारणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

‘तोंडाला रुमाल बांधला की झालं’ हा समज जास्त धोक्याचा. जुन्या प्रायमरमधलं क्रोमेट कर्करोगकारक असतं. ते घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये. पॉलियुरेथेन फवारताना आयसोसायनेट उडतं, त्याने दमा जडू शकतो. तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच हवा.

पांढरा रंग ही नुसती आवड नव्हे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं ‘हंसा’ हे कंपोझिट, म्हणजे राळेत बसवलेल्या तंतूंचं विमान. अशा विमानांतली राळ तापली की मऊ पडते आणि गडद रंग ऊन शोषतो. म्हणून गडद रंगाचा पट्टा कुठे चालेल, हे निर्माताच ठरवतो.

‘किलोभर रंगाने काय बिघडतं?’ पंखावर कदाचित फार नाही. पण एलेरॉन आणि रडर या विमान वळवणाऱ्या हलत्या पृष्ठांचा बहुतेक भाग बिजागरीच्या मागे असतो, त्यामुळे तिथला प्रत्येक जादा थर तोल मागे नेतो. तोल असा बिघडून वेगात हे भाग फडफडू लागले, तर काही क्षणांत तुटू शकतात. त्यामुळे रंगकामानंतर देखभाल-पुस्तिकेतल्या मर्यादेशी त्यांचा तोल ताडून पाहावा लागतो. रंगाऱ्याच्या कोटेशनमध्ये हे काम धरलंय का, ते आधी विचारावं. निळा की लाल, ते नंतर.