गरोदरपणात रक्तातले कॅल्शियम वाढले तर?

गरोदर बाईला ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, थकवा हे व्हायचेच, असे घरोघरी मानले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण चौथा महिना उलटूनही ओकाऱ्या थांबत नसतील, तहान फार लागत असेल, पूर्वी मुतखडा होऊन गेला असेल, तर 'डोहाळे कडक आहेत' म्हणून गप्प बसू नये. रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, सहसा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती राहावे, हे त्या ठरवतात. त्यांतल्या एकीत गाठ झाली की हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरत राहते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, एवढा दिलासा आहे. एरवी १०० मिलिलिटर रक्तात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गरोदरपणात हा आकडा थोडा खालीच यायला हवा. म्हणून 'जरासाच वाढलाय' असे म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नये.

खरी काळजी बाळाची. वारेतून आईचे कॅल्शियम बाळाकडे जातच असते. ते जास्त मिळू लागले, की बाळाच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात. जन्मल्यावर नाळ कापली, पुरवठा तुटला, आणि ग्रंथी मात्र अजून जाग्या नाहीत! बाळाचे कॅल्शियम घसरते, त्याला आकडी येते. कित्येकदा बाळाला आकडी आल्यावरच आईच्या आजाराचा पत्ता लागतो. इकडे बाळाकडे जाणारे कॅल्शियम आता आईच्याच रक्तात साठते. त्यामुळे बाळंतपणानंतर तिचीही प्रकृती एकाएकी बिघडू शकते.

वाढ थोडी असेल तर भरपूर पाणी आणि वरचेवर तपासणी पुरते. जास्त असेल तर सलाइन लावतात. कॅल्सिटोनिनचे इंजेक्शन वार ओलांडत नाही, पण त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. एरवी वापरली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधे बाळापर्यंत पोचतात, म्हणून डॉक्टर ती शक्यतो टाळतात.

कायमचा उपाय म्हणजे गाठ काढणे. व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी १९२५ साली अशी पहिली शस्त्रक्रिया केली. गर्भवतीसाठी चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सुरक्षित. गाठ सोनोग्राफीने शोधतात. 'पोटुशीचे ऑपरेशन? नको गं बाई!' असे सासूबाई म्हणणारच. भीती स्वाभाविक आहे. पण कॅल्शियम ११ च्या वर असताना नुसते थांबून राहणे अधिक धोक्याचे ठरू शकते. शस्त्रक्रियेनंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगावे. कॅल्शियम फार उतरल्याची ती खूण असते.

आणि हे वाचून कोणी आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नयेत! हा आजार विरळा आहे. गोळ्या घ्यायच्या की नाहीत, हे ज्यांना तो आहे त्यांच्यापुरते डॉक्टर ठरवतील. अशा आईने बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांना कल्पना द्यावी, म्हणजे पहिल्या दिवसांपासून बाळाचे रक्त तपासता येईल.