मृगातला ढग आणि रस्त्यावरचा दिवा

थंडीच्या दिवसांत, जानेवारीच्या शेवटी म्हणा, रात्री साडेनऊच्या सुमारास गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून मान वर करा. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, समोरच्या इमारतीचा झगमगाट! एवढ्या उजेडात आकाश राखाडी होऊन जातं आणि तारे बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. तरीही सरळ रेषेतले तीन तारे चटकन सापडतील. हा मृग नक्षत्रातला बाण. गावाकडची म्हातारी माणसं यालाच तिकांडं म्हणतात. या ताऱ्यांच्या थोडं खाली अंधूक ठिपक्यांची एक छोटीशी रांग आहे. तिच्यातला मधला ठिपका म्हणजे नुसता तारा नव्हे. तो आहे वायूचा नि धुळीचा प्रचंड ढग, म्हणजेच तेजोमेघ!

हा ढग आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. आज दिसणारा त्याचा उजेड तिथून निघाला, तेव्हा वेरूळचं कैलास लेणं खोदायला सुरुवातही झाली नव्हती. या ढगात नवे तारे जन्माला येतात, आणि त्यातल्या अतितप्त ताऱ्यांमुळे भोवतालचा वायू चमकतो.

"बाई, असले फोटो काढायला डोंगरावर जावं लागतं ना?" असं वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. डोंगरावर गेलात तर उत्तमच. पण या ढगाचे सुरुवातीचे फोटो कुठे निघाले, ठाऊक आहे? पहिला काढला हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली, न्यूयॉर्कजवळच्या आपल्या खासगी वेधशाळेतून. आणि १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी लंडनच्या ईलिंग या उपनगरात, आपल्या घराच्या बागेतल्या दुर्बिणीतून असा फोटो घेतला, की नुसत्या डोळ्यांनी दुर्बिणीतून न दिसणारे तारेही त्यात उमटले! कॉमन हे काही व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते. सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनिअर होते ते. या कामाबद्दल १८८४ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तेव्हा आजच्याइतके दिवे नव्हते हे खरं, पण लंडनचा धूर आणि धुकं होतंच की!

दिव्यांच्या उजेडातून वाट काढायची किल्ली त्याच्याही आधी सापडली होती, तीही लंडनच्याच टल्स हिल या उपनगरात. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री विल्यम हगिन्स यांनी घरच्या दुर्बिणीला लोलक असलेलं उपकरण जोडलं आणि कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे रोखलं. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा पडतो. इथे पट्टा नव्हताच! ठळक दिसत होती ती फक्त एक हिरवट रेषा. हगिन्स यांनी ओळखलं, की हा ताऱ्यांचा पुंजका नसून चमकणारा वायू आहे.

असं का होतं, ते तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. भाताचं मिठाचं पाणी उतू जाऊन शेगडीत पडलं, की निळी ज्योत एकदम पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तो ठरलेला रंग. प्रत्येक वायूचे असेच आपापले रंग ठरलेले असतात. हायड्रोजनचा गडद लाल. हगिन्स यांची हिरवट रेषा कशाची, हे कोडं मात्र १९२७ पर्यंत सुटलं नाही. 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य असावं, असंही लोकांनी मानलं होतं. शेवटी आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं, की तो आपला ओळखीचा ऑक्सिजनच!

आता गंमत बघा. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो. हायड्रोजनची लाल रेषा त्यात ६५६ वर, एका जागी. कॅमेऱ्यापुढे फक्त ७ नॅनोमीटर रुंदीची फट ठेवणारी गाळणी, म्हणजे फिल्टर, लावला तर काय होईल? पांढऱ्या उजेडाचा शंभरातला दोन-अडीच हिस्साच आत येईल, आणि ढगाचा लाल उजेड मात्र जवळजवळ सगळा! पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड थोड्याच रंगांचा असल्याने त्याला गाळणं सोपं होतं. २०१५ नंतर आपल्याकडे बऱ्याच रस्त्यांवर पांढरे एलईडी दिवे आले. त्यांत सगळेच रंग असल्याने काम अवघड झालं. दिव्याला वरून झाकण असावं आणि उजेड फक्त रस्त्यावर पडावा, एवढं तरी करायला काय हरकत आहे? आकाशाला कशाला हवा उजेड?

पालकांनो, घाबरू नका, असले फिल्टर महाग असतात आणि मृगातल्या ढगासाठी ते लागतच नाहीत. घरातला कुणाचा तरी जुना डिजिटल कॅमेरा आणि तिपाई पुरे. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. म्हणून साध्या ५० मिलिमीटर भिंगाने एक फोटो दोन-तीन सेकंदांचाच घ्यायचा. पण असे शंभर-दोनशे घ्यायचे! मग संगणकावर ते एकावर एक नीट बसवायचे. डीपस्कायस्टॅकरसारखे प्रोग्राम हे काम फुकट करून देतात.

शंभर कशाला? पावसाच्या पहिल्या शिंतोड्यात अंगणात चार वाट्या ठेवा. एकीत सात थेंब पडतील, दुसरीत बारा. तासभर कोसळल्यावर मात्र सगळ्यांत पाणी जवळजवळ सारखंच असेल. फोटोतली खरखर ही त्या शिंतोड्यांसारखी असते. शंभर फोटो एकत्र केले, की ढगाचा उजेड शंभरपट होतो आणि खरखर वाढते फक्त दहापट. दिव्यांमुळे आकाशभर पसरलेला उजेड बराचसा एकसारखा असतो, तो संगणकावर वजा करता येतो. मागे राहतो, गुलाबीसर छटेचा एक छोटासा ढग! (डोळ्यांना तो राखाडीच दिसतो. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत.) शेवटी भिंगावर झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीसेक काळे फोटोही घ्या. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष त्यात उमटतात आणि वजा करता येतात. चंद्र नसलेली रात्र मात्र निवडा.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. देवयानी दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह. तिचा प्रकाश सगळ्या रंगांचा, दिव्यासारखाच! गाळणीने तो वेगळा कसा काढणार? तिच्यासाठी खरा अंधारच हवा. दिवाळीत गावी जाणार असाल, तर अमावास्येच्या आसपास रात्री दहाच्या सुमारास फटाके थांबले, की उत्तरेकडे उंचावर बघा. पुसट, लांबट ठिपका दिसला, तर तीच देवयानी.